यमाच्या दरबारातली दुरुस्ती

महाभारताच्या अनुशासन पर्वात एक छोटी कथा आहे. गंगा आणि यमुना यांच्यामधल्या मुलखात पर्णशाला नावाचे ब्राह्मणांचे मोठे गाव होते. यमाने आपल्या दूताला फर्मावले, त्या गावी जा आणि अगस्त्य गोत्राच्या शर्मी नावाच्या ब्राह्मणाला घेऊन ये. वर बजावलेही की, त्याच आळीत त्याच गोत्राचा, विद्येने आणि वागण्याने अगदी त्याच्यासारखा दुसरा एक जण राहतो, त्याला मात्र आणू नकोस. दूत गेला आणि ज्याला आणायचे नव्हते नेमके त्यालाच घेऊन आला.

कथेतली खरी गोष्ट इथून पुढे आहे. चूक ध्यानात येताच यम आसनावरून उठला. त्याने त्या ब्राह्मणाची पूजा केली आणि दूताला हुकूम दिला की, यांना जिथून आणले तिथे पोचवून ये. ब्राह्मणच म्हणू लागला की, आलोच आहे तर उरलेला काळ इथेच काढतो. यमाने नकार दिला. तुझी वेळ झालेली नाही, तू घरी जा, पण त्याआधी तुझ्यासाठी काय करू ते सांग, असे तो म्हणाला. मग ब्राह्मणाने पुण्याचा मार्ग विचारला आणि यमाने त्याला तीळ, पाणी आणि दिवा यांच्या दानाचे महत्त्व समजावून सांगितले.

मृत्यूच्या दप्तरातही चूक होते, हे आपल्या परंपरेने हजारो वर्षांपूर्वी मान्य करून ठेवले आहे. त्या चुकीचे निस्तरणे कुणाकडे, हेही सांगून ठेवले आहे. तूच तू आहेस हे सिद्ध कर, असे यमाने त्या ब्राह्मणाला म्हटले नाही. चूक आमच्याकडून झाली, तेव्हा दुरुस्तीही आम्हीच करणार, हा त्या दरबाराचा न्याय होता. तो आज सैनिकाच्या कागदांना लावून पाहायला हवा.

नांदेडला आणि लातूरला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत. माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा तिथे ज्या कामांसाठी येतात त्यांत एक काम कधी संपत नाही, ते म्हणजे दुरुस्ती. कुणाच्या डिस्चार्ज बुकात एक नाव आणि आधार कार्डावर दुसरे. कुणाच्या पेन्शनच्या आदेशात, म्हणजे पीपीओत, बायकोचे माहेरचे नाव. कुणाच्या मुलीची नोंदच नाही. कुणाच्या दोन कागदांवर दोन जन्मतारखा. बाहेरच्या माणसाला ही किरकोळ कुरकुर वाटेल. पण ज्या घरात पेन्शन हेच महिन्याचे एकमेव खात्रीचे उत्पन्न आहे, त्या घरात एका वेलांटीवर किराणा अडतो.

मराठवाड्यात या चुका इतक्या का साचल्या, याची कारणे या भूमीच्या इतिहासात आहेत. उदगीरच्या परिसरात १९४० च्या दशकात जन्मलेला माणूस घ्या. तो जन्मला तेव्हा उदगीर हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या बीदर जिल्ह्याचा तालुका होता. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात आले. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली आणि उदगीर द्विभाषिक मुंबई राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात आले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबादपासून लातूर वेगळा झाला. मूळचा उस्मानाबाद जिल्हा आता धाराशिव म्हणून ओळखला जातो. हा माणूस आपल्या वाड्यातून हलला नाही, पण त्याचा जिल्हा बीदर, मग उस्मानाबाद, मग लातूर झाला आणि राज्य तीनदा बदलले. तो १९६२ च्या आसपास फौजेत भरती झाला असेल, तर त्याच्या सेवापुस्तकात जिल्हा उस्मानाबाद आहे आणि मतदार ओळखपत्रावर लातूर. किनवटचेही तेच. १९५६ पर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यात होते, नंतर नांदेडला जोडले गेले.

जन्मतारखेची कथा याहून गुंतागुंतीची. निजामी दप्तर उर्दूत आणि कालगणना ‘फसली’ या महसुली सनाची. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन साधारण हाती लागतो, पण वर्षाची सुरुवात वेगळी असल्याने काही महिन्यांचा घोळ राहतोच. खेड्यात तर जन्माची नोंदच नसे. आई सांगायची, ज्या साली मोठा पूर आला त्या साली झाला. मग शाळेत नाव घालताना गुरुजी अंदाजाने वर्ष धरत आणि तारीख टाकत १ जून. महाराष्ट्रातल्या एका पूर्ण पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो, तो असा. त्या मुलाने पुढे भरतीच्या मैदानावर छाती-उंची मोजून दिल्यावर कारकुनाने वय विचारले आणि तोंडी सांगितलेले वर्ष अर्जावर उतरले. शाळेचा दाखला नंतर कधीतरी आला आणि त्यावरचे वर्ष निराळे निघाले. यात खोटे कोणीच बोलले नव्हते.

नावांचेही असेच. ज्ञानोबा हे नांदेड-लातूरकडे घरोघरी सापडणारे नाव. मराठी माणूस ते इंग्रजीत ‘डी-एन’ने लिहितो, हिंदी मुलखातला लेखनिक ‘जी-वाय’ने. संगणकाला ही दोन वेगळी माणसे दिसतात. आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी तीन पदे चालतात, फौजेच्या कागदावर कधी मधले गळते, कधी शेवटचे. बायकोचे माहेरचे नाव एक, लग्नात तांदळात अंगठीने लिहिलेले दुसरे, गावात हाक मारायचे तिसरे, आणि त्याला कधी ‘बाई’ लागते, कधी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने औसा, निलंगा आणि उमरगा भागातली गावे जमीनदोस्त केली, हजारो माणसे गेली. मागे राहिलेल्यांची गावे नव्या जागी वसली. दगडामातीच्या घरांखाली ज्या पत्र्याच्या पेट्या गाडल्या गेल्या, त्यांत कागदही होते.

सैनिकाची मूळ नोंद मात्र त्याच्या जिल्ह्यात नसतेच. ती त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असते. मराठा लाइट इन्फंट्रीची बेळगावात, महार रेजिमेंटची मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याची नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सची खडकीला. लग्न, मूल, पत्ता, वारस यांतला प्रत्येक बदल नोकरीत असताना ‘पार्ट टू ऑर्डर’ निघून त्या दप्तरात चढायचा असतो. सीमेवर असलेल्या शिपायाचे लग्न रजेत झाले, रजा संपली, तो परत गेला आणि नोंद राहून गेली, तर ती उणीव चाळीस वर्षे कुणाच्या लक्षात येत नाही. ती उघडी पडते तो वारला म्हणजे. कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज घेऊन बाई जाते आणि तिला कळते की, ज्या माणसाबरोबर आयुष्य काढले त्याच्या कागदावर आपण नाही. २०२१ पासून संरक्षण पेन्शन ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीवर जाऊ लागली आणि जुने कागद आधारशी जुळवून पाहिले जाऊ लागले. पूर्वी बँकेतला ओळखीचा माणूस चेहरा पाहून जे चालवून घेत असे, ते आता पडद्यावर अडते.

मग शपथपत्र, राजपत्रात जाहिरात, वर्तमानपत्रात जाहिरात, सरपंचाचा दाखला, तहसील, सैनिक कल्याण कार्यालय, तिथून रेकॉर्ड ऑफिस, तिथून प्रयागराजचे पेन्शन कार्यालय आणि शेवटी दुरुस्त पीपीओ. सत्तरीतली बाई, लिहिता न येणारी, या वाटेने चालते. बहुतेक वेळा शेवटी दुरुस्ती होतेही. ही कार्यालये चालवणारे अनेक जण स्वतः माजी सैनिक असतात आणि आपुलकीने काम करतात. प्रश्न त्यांच्या स्वभावाचा नाही. सिद्ध करण्याचे ओझे कुणाच्या डोक्यावर ठेवले आहे, हा प्रश्न आहे आणि तो धर्माचा प्रश्न आहे.

यावर एक आक्षेप आपल्याच परंपरेतून येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. नावरूप मिथ्या आहे, असे वेदान्त सांगतो. हिंगोलीजवळच्या नरसीपासून गंगाखेडपर्यंत संतांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या भूमीत देहाची आणि नावाची आसक्ती सोडा, हेच शेकडो वर्षे कीर्तनातून सांगितले गेले. मग कागदावरच्या काना-मात्रेसाठी इतका जीव का टाकायचा?

शंकराचार्यांनी याचे उत्तर व्यवहाराची पातळी वेगळी ठेवून दिले आहे. परमार्थात नाव नाही हे खरे, पण जोवर व्यवहार चालू आहे तोवर प्रमाण, प्रमाता, खरे, खोटे हे सगळे लागूच राहते. ब्रह्मसूत्रांच्या भाष्याच्या आरंभीच ते सांगतात की, लौकिक आणि वैदिक सगळे व्यवहार याच भूमीवर उभे आहेत. राज्य पेन्शन देते ते आत्म्याला देत नाही, नोंदवहीतल्या नावाला देते. ज्या व्यवहारात नावावर हुकूम सुटतात, त्या व्यवहारात नाव बरोबर असणे ही हुकूम सोडणाऱ्याचीच जबाबदारी.

बौद्ध परंपरेतले उत्तर याहून धारदार आहे आणि या दोन जिल्ह्यांत ते आठवायला खास कारण आहे. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि मराठवाड्यातल्या असंख्य घरांनी ती वाट धरली. त्या वेळी जो फौजेत होता त्याच्या कागदावर भरतीच्या दिवशीचा धर्म होता. त्याच्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर बौद्ध लिहिले गेले. एकाच घरातल्या दोन कागदांवर दोन धर्म. बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाव्यात म्हणून कायद्यात दुरुस्ती झाली ती १९९० मध्ये, म्हणजे धम्मदीक्षेनंतर चौतीस वर्षांनी. तोवर बापाचा कागद आणि मुलाचा कागद यांचा मेळ घालणे ही त्या घराची डोकेदुखी होती.

‘मिलिंद पञ्ह’ या पाली ग्रंथात यवन राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला विचारतो की, टिकणारा आत्माच नाही, तर जन्मणारा माणूस जुन्या कर्मातून सुटत का नाही? नागसेन आंब्याच्या चोराचा दाखला देतो. एकाने दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले. पकडल्यावर म्हणाला, मालकाने जमिनीत पुरला तो आंबा वेगळा, मी तोडले ते वेगळे, मग माझा गुन्हा कसला? राजा स्वतःच कबूल करतो की, हा बचाव चालणार नाही, कारण नंतरचे फळ आधीच्या आंब्यातूनच आले. अनात्मवादात माणूस क्षणाक्षणाला बदलतो, पण देणे-घेणे त्या प्रवाहाला चिकटून राहते. एकोणीस वर्षांचा जवान आणि पंचाहत्तरीचा म्हातारा ही एक व्यक्ती की दोन, यावर तत्त्वज्ञांनी खुशाल वाद घालावा. पहिल्याने जे दिले त्याची परतफेड दुसऱ्याला मिळायला हवी, यावर नागसेन आणि शंकराचार्य यांच्यात वाद नाही.

इथे दुसऱ्या बाजूलाही न्याय द्यायला हवा. कागद कडक का झाले, हे मराठवाड्याला सांगायची गरज नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात हैदराबाद मुक्तिसंग्रामातले सैनिक म्हणून पेन्शन घेणाऱ्यांत बनावट नावे शिरल्याच्या तक्रारी झाल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निवृत्त न्यायमूर्तींना चौकशी करावी लागली. ज्यांनी खरोखर रझाकारांशी झुंज दिली, तुरुंगवास सोसला, त्यांच्या शेजारी खोटी नावे बसली, हा त्या लढ्याचा अपमान होता. तेव्हा पडताळणी हवीच. पण बीडमध्ये प्रश्न होता तो माणूस लढ्यात होता का, हा. नांदेडच्या विधवेच्या बाबतीत नवरा फौजेत होता याबद्दल कुणालाही शंका नाही. त्याचा क्रमांक आहे, युनिट आहे, पदके आहेत, अनेक वर्षांच्या पगाराची नोंद आहे. शंका फक्त एका अक्षराची आहे आणि ते अक्षर तिने लिहिलेले नाही. या दोन प्रकरणांना एकच चाळणी लावणे हा विवेक नव्हे.

देशाच्या सेनाप्रमुखालाही हा अनुभव आला. जनरल व्ही. के. सिंग यांच्या जन्मवर्षाबद्दल लष्कराच्या दोन शाखांत दोन नोंदी होत्या. एकीत १९५०, दुसरीत १९५१. शालान्त प्रमाणपत्र १९५१ सांगत होते, अकादमीच्या प्रवेशासाठी भरलेला अर्ज १९५०. पदावर असतानाच ते सर्वोच्च न्यायालयात गेले, फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांनी याचिका मागे घेतली आणि ३१ मे २०१२ ला ते १९५० धरून निवृत्त झाले. नोकरीच्या शेवटी जन्मतारीख बदलून मागू नये, अशी न्यायालयांची जुनी भूमिका आहे आणि तिला कारण आहे, कारण एकाचे वय बदलले की मागच्या रांगेतल्यांची बढती हलते. जनरलांच्या प्रकरणात कोण बरोबर होते, यावर मतभेद राहतील. पण ज्या खात्यात सर्वोच्च अधिकाऱ्याच्या दोन जन्मतारखा अनेक दशके शेजारी शेजारी राहू शकतात, त्या खात्याला अशिक्षित जवानाच्या बायकोला ‘तुम्ही इतकी वर्षे काय करत होता’ असे विचारता येत नाही.

उशिराची किंमत कुणी मोजायची, हा या सगळ्याचा सर्वांत दुखरा भाग. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेले एक प्रकरण पाहण्यासारखे आहे. प्रकृतीच्या कारणावरून १९८३ मध्ये फौजेतून बाहेर पडलेल्या एका सैनिकाने अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी १९९९ मध्ये दाद मागितली. पेन्शन न देणे ही रोज चालू राहणारी चूक आहे, म्हणून उशीर झाला तरी हक्क मरत नाही, असे न्यायालयाने मानले. हे मोठेच पाऊल होते. पण थकबाकी मात्र अर्ज करण्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच, असा त्या निकालाचा दंडक आहे आणि पुढे अनेक प्रकरणांत तोच लावला गेला. म्हणजे हक्क मान्य आणि मधली तेरा वर्षे गेली.

कायद्याच्या दृष्टीने या दंडकाचे समर्थन करता येईल. सरकारी तिजोरीला अमर्याद जुन्या देण्याला सामोरे जाता येत नाही, हा युक्तिवाद पोकळ नाही. पण धर्मशास्त्राची ऋणाची कल्पना याच्या उलट आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही तीन ऋणे सर्वांना माहीत असतात, शतपथ ब्राह्मणात चौथे, माणसांचे ऋणही सांगितले आहे. बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य, हा नियम हिंदू कायद्यात २००५ च्या दुरुस्तीपर्यंत टिकून होता. धर्मशास्त्राने सावकाराला आवर घातला तो दामदुपटीने. साचलेले व्याज मुद्दलाइतके झाले की तिथे थांबायचे, त्यापुढे मागायचे नाही. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी ब्रिटिश काळातही हा नियम पाळला. पण मर्यादा होती ती व्याजाला. मुद्दलाला कात्री लावण्याची कल्पना त्या नियमात नाही. आणि इथे ऋणको कोण आहे? खुद्द राज्य. ज्याच्या दप्तरात चूक झाली त्यालाच उशिराचा फायदा मिळतो. जिथे चूक राज्याच्या स्वतःच्या नोंदीची आहे हे त्याच्याच जुन्या कागदावरून सिद्ध होते, तिथे तरी पूर्ण मुद्दल परत व्हायला हवे.

दप्तर ठेवणाऱ्याला जाब विचारता येतो का? महाभारताने हा प्रश्नही सोडलेला नाही. आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा येते. चोरांनी लुटीचा माल त्यांच्या आश्रमात दडवला. ऋषी मौनात होते, राजाच्या शिपायांना त्यांनी उत्तर दिले नाही. राजाने त्यांना चोरांबरोबर सुळावर चढवले. ऋषी मेले नाहीत. राजाला चूक कळली, तो पाया पडला, सूळ काढू लागला. सूळ निघेना. शेवटी तो बाहेरून कापला आणि आतला तुकडा शरीरातच राहिला. म्हणून ते अणीमांडव्य झाले. राजाने माफी मागितल्यावरही तो तुकडा त्यांना जन्मभर वागवावा लागला.

मग मांडव्य थेट धर्मराजाकडे गेले आणि त्यांनी विचारले, कोणत्या पापाचे हे फळ? उत्तर मिळाले की, लहानपणी तुम्ही किड्यांना गवताची काडी टोचली होती. मांडव्य संतापले. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा, तीही अजाण वयातल्या? त्यांनी धर्माला मनुष्ययोनीत जन्म घेण्याचा शाप दिला, तोच विदुर. आणि तिथेच नियम घालून दिला की, चौदा वर्षांपर्यंतचे कृत्य पाप म्हणून धरले जाणार नाही. एका माणसाने तक्रार केली, ती ऐकली गेली, नोंद ठेवणाऱ्याला फळ भोगावे लागले आणि पुढच्या सर्वांसाठी नियम बदलला. सैन्यदल न्यायाधिकरणाचा कायदा २००७ मध्ये झाला, मुंबईत त्याचे खंडपीठ आहे. तिथे एकेका सैनिकाला न्याय मिळतो. पण एका निकालावरून रेकॉर्ड ऑफिसांनी तशाच सगळ्या नोंदी आपणहून तपासल्या, असे व्हायला हवे.

नांदेडकडे दुरुस्तीची आणखी एक जुनी आठवण आहे. तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या परिसरात शीख वीरांगना माई भागो यांच्या नावाचा बुंगा, म्हणजे निवासाची वास्तू, आहे. आनंदपूरच्या वेढ्यात उपासमारीने हैराण झालेल्या काही शिखांनी गुरू गोविंदसिंगांना बेदावा लिहून दिला. तुम्ही आमचे गुरू नाही, आम्ही तुमचे शीख नाही, असा तो त्यागपत्राचा कागद. ते घरी परतले तेव्हा माई भागोंनी त्यांची निर्भर्त्सना केली आणि स्वतः शस्त्र हाती घेऊन त्यांना परत रणात नेले. १७०५ च्या सुमारास खिदराण्याच्या तळ्यापाशी ते मोगल फौजेशी लढून पडले. परंपरा सांगते की, लढाईनंतर गुरू त्या मैदानात फिरले, एकेकाचा चेहरा पुसला आणि हा माझा पंचहजारी, हा माझा दहाहजारी असे म्हणत मेलेल्यांना मनसबी दिल्या. त्यांच्यातले महानसिंग अजून जिवंत होते. त्यांनी एकच मागितले, तो कागद फाडा. गुरूंनी फाडला. त्या जागेला मुक्तसर म्हणतात आणि तुटलेली गाठ पुन्हा जुळली अशा अर्थाचे नाव असलेला गुरुद्वारा तिथे आहे. त्या लढाईतून वाचलेल्या माई भागो पुढे गुरूंबरोबर नांदेडला आल्या. १७०८ मध्ये गुरूंनी इथेच देह ठेवल्यावर त्या बीदरजवळच्या जनवाड्याला राहिल्या, उदगीरहून फार दूर नाही. त्याच वर्षी नांदेडला गोदाकाठी माधोदास बैरागी गुरूंना भेटला आणि बंदासिंग झाला. जन्माने तो लछमनदेव. तीन नावांचा एकच माणूस, हे इतिहासाला कधी अडचणीचे वाटले नाही.

बेदाव्याची कथा मन हलवते, पण ती क्षमेची कथा आहे. तो कागद खोटा नव्हता. त्यांनी तो खरोखर लिहिला होता आणि गुरूंनी मनाच्या मोठेपणाने तो फाडला. ब्रिटनने २००६ मध्ये पहिल्या महायुद्धात पळपुटेपणासारख्या आरोपांवरून गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना माफी दिली, तीही क्षमाच. दोषसिद्धी आणि शिक्षा यांना त्याने बाध येत नाही, असे कायद्यातच लिहून ठेवले. क्षमा मागावी लागते आणि देणाऱ्याची ती कृपा असते. सुमनबाईचे सुमन करून घ्यायला आलेली विधवा क्षमा मागत नाही. तिच्या नवऱ्याने काही लपवले नाही, कुणाला सोडून गेला नाही. ती खरे काय ते लिहा इतकेच म्हणते. आपल्या व्यवस्थेची मूळ चूक हीच की, ती सत्याच्या अर्जाला दयेच्या अर्जासारखे वागवते. विनंती, कृपया, महोदय अशा शब्दांनी भरलेले ते अर्ज वाचले की वाटते, यातला नम्रपणा चुकीच्या बाजूला आहे.

नाव न लिहिणे किती काळ टिकते, हे बसराच्या युद्धस्मारकावर दिसते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात पडलेल्या, कबर न सापडलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचे ते स्मारक. त्यात मराठा पलटणींचे जवानही आहेत. ब्रिटिश सैनिकांची नावे दगडात कोरली गेली. हिंदी शिपायांचे मात्र पलटणीच्या नावाखाली आकडे कोरले. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने २०२१ मध्ये आपल्याच इतिहासाची चौकशी करून कबूल केले की, ४५ ते ५४ हजार मृतांच्या स्मृतीला असमान वागणूक मिळाली आणि त्यांत हिंदी सैनिक मोठ्या संख्येने होते. किमान १ लाख १६ हजार जणांची नावे नोंदलीच गेली नव्हती, ते बहुतांश पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधले. आयोगाने माफी मागितली आणि नावे शोधायचे काम हाती घेतले. शंभर वर्षांनी का होईना, शोधण्याचे ओझे नोंद ठेवणाऱ्याने स्वतःच्या खांद्यावर घेतले. जिवंत माणसांच्या बाबतीत हे आज करता येते.

रेकॉर्ड ऑफिसात मूळ भरतीपत्र आहे, पार्ट टू ऑर्डर आहेत, बोटांचे ठसे आहेत. त्यांच्या आधारे जी तफावत घरातल्या घरात मिटते, तिच्यासाठी विधवेकडून शपथपत्र आणि जाहिरात मागू नये. जिल्ह्याचे नाव सरकारने बदलले असेल, तर ते सरकारने आपणहून जुळवून घ्यावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी तालुक्याच्या गावी, देगलूरला, मुखेडला, अहमदपूरला, निलंग्याला बसून सगळ्यांचे कागद एकदा तपासावेत आणि तफावतींची यादी स्वतः बेळगावला, सागरला, नाशिक रोडला पाठवावी.

आणि ज्यांच्या घरात माजी सैनिक आहे त्यांना एक सांगणे. येत्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला जाल तेव्हा डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार आणि बँकेचे पासबुक शेजारी शेजारी ठेवा. त्याचे नाव, जन्मतारीख, बायकोचे नाव, तिची जन्मतारीख आणि मुलांची नावे एकेक अक्षर जुळवून पाहा. फरक दिसला, तर अर्ज लगेच करा आणि तो त्याच्या स्वतःच्या सहीने करा. तो हयात असताना त्याच्या एका सहीवर जे होते, त्यासाठी त्याच्या मागे तिला चार कार्यालयांचे उंबरे झिजवावे लागतात.